चाकांचा विसावा

माझ्या थोरल्या साडूंबद्दल लिहायचं मी बरीच वर्षं टाळत आलो. घरात त्यांचा विषय निघाला की सगळे चाकाची गोष्ट सांगून हसतात. मीही हसतो आणि अडकित्ता शोधायच्या निमित्तानं उठून जातो. आता उठायलाच वेळ लागतो, म्हणून बसल्या जागी लिहून टाकतो. प्रवासाची तयारी करण्यात त्यांचा हात धरणारा माणूस हिंगोली जिल्ह्यात झाला नाही, आणि हिंगोली परभणीत होती तेव्हा त्या अख्ख्या परभणीतही झाला नव्हता.

साडू हिंगोलीत जनावरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. जन्म बैल-म्हशींत गेलेला, त्यामुळे लिलावातून जुनी जीप घेतली तेव्हा तिलाही त्यांनी त्याच गोठ्यात जमा केलं. सकाळी बॉनेटवर तळहात ठेवून ताप बघायचे. इंजिनाला कान लावून, "आज रवंथ बराबर न्हाई," म्हणायचे. ऑइल भरायचे नाहीत, पाजायचे. हॉर्न वाजवणं त्यांना पटत नसे. "मुक्या जिवाला काहून वरडायला लावता?" म्हणत स्वतःच खिडकीतून मान बाहेर काढून, "ओ दादा, सरका जरा!" असा आवाज द्यायचे. जवळच्या नरसीपर्यंत जायचं असलं तरी आदल्या दिवशी तिला धुऊन कडुलिंबाखाली बांधायचे. बांधायचे म्हणजे खरोखरच. बंपरला दावं लावून. हँडब्रेकवर त्यांचा भरवसा नव्हता.

आमच्या सासूबाई साखऱ्याला राहायच्या. एकदा त्या साडूंना म्हणाल्या, "डोळे हायेत तवर बुद्धगया बघावं म्हन्ते." साडूंनी तिथल्या तिथं शब्द दिला, "आई, माझ्या जीपमधी जायचं. पुढच्या शिटावर तुमी."

झालं. त्या दिवसापासून साडूंचं अंगण हीच बुद्धगयेची वाट झाली. रोज संध्याकाळी अख्ख्या घरानं उभ्या जीपमध्ये बसायचं, याला ते 'बसायचा सराव' म्हणत. लांबच्या प्रवासात माणसं थकतात ती बसण्यानं, तेव्हा बसणं अंगवळणी पडलं पाहिजे, असा त्यांचा सिद्धांत. साडू स्टिअरिंगवर, सासूबाई आल्या असतील तर पुढे, मागे अक्का, म्हणजे माझी मेहुणी, मेथी निवडत. मी कधी गेलो नाही तर माझ्या जागी ज्वारीचं पोतं. "पोतं बरं तुमच्यापरीस," मला ऐकवायचे, "मधी मधी बोलत न्हाई." कुणी पाणी प्यायला उतरायला लागलं की ओरडायचे, "आत्ताच काहून उतरून राहिले? अजून वाशीमबी आलं न्हाई!" शेजारीण कुंपणावरून विचारायची, "अक्का, कुठवर पोचले वो?" अक्का मेथीतून मान वर न काढता सांगायची, "नागपूर गेलं मागं. आता उतरून भाकरी टाकते."

निघायचा दिवस जवळ आला तेव्हा साडूंनी जाहीर केलं की लांब पल्ल्याआधी बैलाला विसावा देतात तसा चाकांनाही द्यायचा. जीप दगडांवर चढवली, चारी चाकं काढली आणि कडुलिंबाखाली ओल्या पोत्यांवर निजवली. येणारे-जाणारे थांबून बघायचे. साडू त्यांना तोंडावर बोट ठेवून गप्प करायचे.

विसावा संपला त्या दुपारी मीही मदतीला गेलो होतो. चाकं बसवली, जीप खाली उतरवली. तीन चाकांचे नट साडूंनी दात-ओठ खाऊन आवळले. तेवढ्यात कुणीतरी अडलेली म्हैस घेऊन दारात आलं. साडूंनी पाना माझ्या हातात दिला. "पावणं, मागचं डावं तेवढं आवळा." मी नट हातानं फिरवले, पाना लावणार तोच अक्कानं भज्यांची ताटली आणून ठेवली. गरम होती. साडू हात धुऊन परत आले आणि विचारलं, "आवळलं का?" माझ्या तोंडात भजं होतं. मी मानेनंच हो म्हटलं.

लगेच रंगीत तालीम निघाली. कनेरगाव नाक्यापर्यंत जायचं, ढाब्यावर चहा घ्यायचा, परत यायचं. सासूबाई नवं लुगडं नेसून पुढे बसल्या होत्या, मागे अक्का, मुलं, मी आणि सामानाच्या वजनाला म्हणून ते ज्वारीचं पोतं. जीप बैलगाडीच्या चालीनं चालली होती आणि साडू खुशीत होते. नाका दिसायला लागला तेव्हा डाव्या बाजूनं एक चाक आम्हाला मागं टाकून पुढं गेलं. साडूंनी हळहळत त्याच्याकडे पाहिलं. "बघा आई, कोनाचं तरी चाक निसटलं. तयारी करत न्हाईत लोक अन् निघतेत."

आणि मग जीप मागच्या डाव्या अंगानं खाली बसली.

कुणाला खरचटलंही नाही. ज्वारीचं पोतं माझ्यावर आणि अक्का पोत्यावर, एवढंच. चाक थेट ढाब्यावर जाऊन बाजेला टेकलं होतं. ढाबेवाला ते लोटत घेऊन आला आणि म्हणाला, "तुमचंच का? चहा न घेताच बसलं वो हे!" अक्का हसायला लागली, मग मुलं, मग सासूबाईही. हसून झाल्यावर डोळे पुसत त्या म्हणाल्या, "जावईबापू, मी आपली रेल्वेनं जाते."

साडू रस्त्यावर उभे होते. मी खाली बघत होतो. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, मग सासूबाईंना म्हणाले, "माझ्याच हातून राहिलं, आई. शेवटचा हात मी फिरवाया पायजे होता."

पाना कुणाच्या हातात दिला होता, हे ते विसरले असतील असं मला कधीच वाटलं नाही.

बुद्धगयेला आम्ही सगळे रेल्वेनं गेलो. साडू आले नाहीत. जीपला एकटं कसं ठेवायचं, म्हणाले. मी त्यांच्यासाठी बोधिवृक्षाचं पान आणलं. ते त्यांनी जीपच्या काचेला आतून चिकटवलं आणि मला विचारलं, "आई बराबर बसल्या होत्या का?" त्यानंतर लांबच्या प्रवासाचं त्यांनी कधी नाव काढलं नाही. फक्त दारात कुणाचीही गाडी आली की, "जय भीम," करून आधी तिच्या चाकांपाशी बसायचे आणि एकेक नट चाचपायचे. पोरं त्यांना 'नट तपासणी केंद्र' म्हणायची. तेही हसायचे.

शेवटची भेट झाली तेव्हा ते काठी टेकत होते. मी मुलाच्या गाडीतून गेलो होतो, सांगायचंच असं ठरवून. चहा झाला, म्हशींचा विषय झाला, जुन्या जीपचा झाला. निघताना ते अंगणात आले, काठी माझ्याकडे दिली, गाडीला धरून वाकले आणि चारी चाकं फिरून आले. मागच्या डाव्यापाशी जरा जास्त थांबले. मग माझ्या खिडकीशी येऊन काठी परत घेतली. "बराबर हाय, पावणं. जा बिनघोर."

मी काच पूर्ण खाली केली. "साडूबुवा," म्हणालो. ते कान पुढे करून थांबले. मुलानं गाडी चालू केली होती.

"पोचल्यावर फोन करतो," मी म्हणालो.