स्टुलावरचं बाळ

घाटंजीत मी फोटो एडिटिंग शिकायला जायचो, तेव्हा शेजारच्या कॉम्प्युटरवर साठीचे एक काका बसायचे. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. माउस धरण्याआधी ते दुपट्ट्याला बोटं पुसायचे आणि घडीघडी फाईल सेव्ह करायचे. त्या टकटकीने माझं डोकं उठायचं.

त्यांच्यापुढे रोज एकच ब्लॅक अँड व्हाइट फोटो असे. स्टुडिओतल्या स्टुलावर बसवलेलं बाळ, म्हणजे ते स्वतः. बाळ पडू नये म्हणून मागच्या पडद्याआडून कुणीतरी त्याला धरलं होतं. बांगड्या भरलेला तेवढा एक हात बाहेर दिसत होता. फोटो जुना होऊन त्या हातावर पडलेले ओरखडे काका पुसत बसायचे.

एका दुपारी सर मागे येऊन उभे राहिले.

"काका, हे काय करून राह्यले? हा हात तर काढायचा असते," म्हणत त्यांनी माउस घेतला आणि दोनदा फिरवून हात पुसून टाकला. तिथे नुसता पडदा उरला.

काकांनी सरांचं मनगट पकडलं.

"काहून पुसला जी?" त्यांचा आवाज फाटला. "माह्या मायचा तेवढाच फोटो हाय!"

मी वाकून कंट्रोल-झेड दाबलं. पुन्हा दाबलं. हात परत आला, तेव्हा काकांनी मनगट सोडलं.

जरा वेळाने सरांनी हळूच विचारलं, "बाळाच्या तोंडावर मोठा ओरखडा आहे. तो तरी काढू?"

"राहू द्या," काका म्हणाले. "मी त इथंच हावो."