सरांचे दोन पडदे

टायपिंग शिकायला नवा पोरगा आला की मधू सर खांद्यावरचा नॅपकिन काढायचे आणि त्याच्या दोन्ही हातांवर टाकायचे. "हं, आता मार," म्हणायचे. पोरगा नॅपकिनखाली चाचपडायचा, कागदावर काहीतरी वेडंवाकडं उमटायचं, मागची पोरं खिदळायची. सर म्हणायचे, "बोटांकडे बघायचं नाही. बोटं तुझीच आहेत, कुठे पळून जात नाहीत."

त्यांचा क्लास जळगावात माझ्या घराच्या खालच्या खोलीत होता. मी तिसरी शिकलेला माणूस. जन्म गेला कापसाच्या गठाणी वाहण्यात, आधी अमळनेरला, मग इथे. हे दोन मजली घर मी माझ्या पाठीवर उभं केलं, हे मी सगळ्यांना सांगतो आणि ज्याला ऐकायचं नसेल त्यालाही सांगतो. पाठ थकल्यावर मी दिवसभर ओट्यावर बसायचो आणि आतला खडखडाट ऐकायचो. सर माझ्या पोराच्या वयाचे, पण मी त्यांना सरच म्हणायचो. शिकवणाऱ्याला एकेरी बोलायची आमच्यात रीत नाही.

सरांचा एक हट्ट होता. कागदावर चूक निघाली की ते आधी विचारायचे, "ही चूक हाताची की यंत्राची?" पाचोऱ्याची एक मुलगी यायची. तिच्या प्रत्येक पानावर एकच अक्षर वर उडालेलं असायचं आणि ती रडकुंडीला यायची. सर स्वतः तिच्या मशीनवर बसले, ते अक्षर मारून पाहिलं. मशीनची दांडी वाकलेली होती. सर मशीनला म्हणाले, "काय हो, पोरीला रडवता?" आणि तिची सगळी पानं बरोबर धरली. पण दुसऱ्या दिवशी त्याच मुलीने घाईत एक शब्द गाळला, तर अख्खं पान पुन्हा मारायला लावलं.

मी ओट्यावरून म्हणालो, "सर, एवढासा शब्द. द्या सोडून."

"आबा, तुमच्या हातून गठाण पडली तर तुम्ही काय म्हणायचात? दोर खराब होता?"

"दोर खराब असला तर म्हणायचो."

"आणि हात खराब असला तर?"

"माझा हात कधी खराब नव्हता."

सर इतके हसले की मुलीनेही डोळे पुसून हसून घेतलं. मग म्हणाले, "यंत्राची चूक माणसाच्या माथी मारू नये. आणि माणसाची यंत्राच्या माथी तर मुळीच मारू नये. त्या बिचाऱ्याला तोंड नाही."

पुढे टायपिंगला कोणी विचारेना. पोरं कॉम्प्युटर कॉम्प्युटर करायला लागली, तेव्हा सरांनी धुळ्याहून एक कॉम्प्युटर आणला. त्याचा पडदा म्हणजे टीव्हीसारखा मोठा डबा, मागे पोट सुटलेलं. एसटी स्टँडवर सर म्हणाले, "आबा, रिक्षा करू." मी म्हणालो, "कशाले? गठाणीपुढे हाई पिल्लू शे." खांद्यावर घेऊन घरी आलो. सर मागून चालत होते आणि वळून बघताना मी प्रथमच पाहिलं की त्यांच्या डाव्या पायातली चप्पल पुन्हा पुन्हा निसटत होती.

ती चप्पल ही सुरुवात होती. मग जिना चढवेना, मग उभं राहवेना. जळगावचे डॉक्टर झाले, मुंबईचे झाले. सगळ्यांनी सांगितलं ते एकच. अंगातले स्नायू हळूहळू वाळत जाणार, पायांकडून वर, आणि त्याला औषध नाही. सरांनी चाळिशीही गाठली नव्हती. लग्न केलेलं नव्हतं. त्यांच्या आई, ज्यांना आम्ही सगळे माई म्हणायचो, धुळ्याचं घर बंद करून इथे राहायला आल्या. क्लास बंद झाला. मशिनी गेल्या. कॉम्प्युटर तेवढा खाटेजवळ राहिला, आणि त्यात कोणा विद्यार्थ्याने घालून दिलेला क्रिकेटचा खेळ.

सर धुळ्याच्या कॉलेजात सलामीला खेळायचे. आता ते पडद्यावर खेळायला लागले. समोरून चेंडू यायचा आणि नेमक्या क्षणी बटण दाबायचं. जरा आधी दाबलं तर झेल, जरा उशिरा दाबलं तर दांडी गुल. रोज सकाळी मी त्यांना खाटेवरून उचलून खुर्चीत बसवायचो, पाठीला दोन्हीकडून उशा लावायचो.

"आबा, तुम्ही उचललं की मला गठाण झाल्यासारखं वाटतं."

"गठाण बोलत नव्हती, सर. एवढाच फरक."

त्यांचा धाकटा भाऊ सुधीर अमेरिकेत कॉम्प्युटरच्याच कामावर होता. तो सुट्टीत आला तेव्हा एक नवा पडदा घेऊन आला. चपटा. पाटीएवढा जाड. जळगावात तसला कोणी पाहिलेला नव्हता, अख्खी गल्ली बघायला लोटली. सुधीर म्हणाला, "आबा, जरा टेबलावर ठेवता?" मी एका हाताने उचलला आणि मला अपमान झाल्यासारखं वाटलं. "कितलं हलकं शे! याला उचलायला मला कशाला बोलावलं?"

पण माईंना तो फार आवडला, आणि त्यांचं बरोबर होतं. जुन्या डब्यासाठी सरांना खुर्चीत ताठ बसावं लागे, मान दुखे. हा खाटेवर फळी टाकून समोर ठेवता येत होता, सर टेकून खेळू शकत होते. शिवाय जुना डबा भट्टीसारखा तापायचा, आणि मे महिन्यात जळगावच्या खोलीत दुसरी भट्टी कोणाला हवी? त्यात कूलर जवळ आणला की कूलरच्या मोटारीने जुन्या पडद्यावरचं चित्र थरथरायचं. म्हणून खेळताना सर कूलर बंद करायला लावायचे आणि घामाने निथळत बसायचे. चपट्याला कूलरचं काही नव्हतं.

सुधीर परत गेल्यावर सरांनी परीक्षाच घेतली. एक दिवस हा पडदा, एक दिवस तो. मी काढ-घाल करायचो. शेवटी म्हणाले, "आबा, जुनंच लावा."

माई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "का रे? काय वाईट आहे त्यात?"

"वेगाचा चेंडू आला की त्यात शेपूट दिसतं, माई. चेंडू कुठे संपला आणि शेपूट कुठे सुरू झालं ते कळत नाही."

"मग हळू चेंडू टाकायला सांग त्याला."

"हो, चिठ्ठी पाठवतो गोलंदाजाला."

माई रागाने आत गेल्या. मी म्हणालो, "सर, त्या खरं बोलतात. खेळच तर आहे. आराम बघा."

माई आत लांब गेल्यात ना, ते सरांनी मान वळवून पाहिलं. मग हळूच म्हणाले, "आबा, तुम्हाला सांगतो, माईला सांगू नका. पाय गेले, ते दिसले. हात कधी जातील ते मला कोण सांगणार? डॉक्टर सांगत नाहीत. या जुन्या डब्यात चेंडू स्वच्छ दिसतो. चुकलो तर बोट चुकलं. रोज सकाळी मला कळतं, आज किती उरलंय. त्या चपट्यात चुकलो तर काय समजू? बोट चुकलं की काच?"

मी आयुष्यात कोणाचं लवकर ऐकलेलं नाही. पण हे ऐकलं. चपटा पडदा गोधडीत गुंडाळून मी कपाटावर ठेवला.

तो उन्हाळा मला अजून आठवतो. बाहेर डांबर पाघळत होतं. आत कूलर बंद, डबा तापलेला, सरांच्या हनुवटीवरून घाम टपटपतोय आणि मी वर्तमानपत्राने वारा घालतोय. मी चिडून म्हणायचो, "सर, तुम्ही माझ्यापेक्षा हट्टी."

"तुमच्याच घरात राहतो, आबा. लागण झाली."

बाद झाले की ते म्हणायचे, "माझी चूक." तेवढंच, हिशेब मांडावा तसं. आधी दिवसातून एखाद्या वेळी ऐकू यायचं. आषाढ संपेपर्यंत माझ्या कानात तेच बसलं होतं. ओट्यावर बसून मी तंबाखू मळायचो, आतून आवाज यायचा, "माझी चूक." थोड्या वेळाने पुन्हा, "माझी चूक." मी काय करणार? मी या हातांनी काहीही उचललं असतं. सर कॉम्प्युटरसकट खुर्चीसकट मुंबईला न्या म्हणाले असते तरी पाठीवर घेतले असते. पण हे उचलायला कुठे धरायचं, ते सापडत नव्हतं.

गणपती बसून उठले. त्यानंतरच्या एका सकाळी मी आत गेलो तर खेळ थांबलेला होता. समोर पडद्यावर दांडी उडालेली. सर त्यांच्या उजव्या हाताकडे बघत बसले होते. हात बटणांवर होता, बोटं नीट पसरलेली, जशी ते पोरांना ठेवायला शिकवायचे. मला पाहून ते म्हणाले, "आबा, हा चेंडू अगदी हळू होता. मला दिसला. मी दाबायचं ठरवलं. बोटाला कळवलं. बोट आलंच नाही."

मी त्यांच्या पाठीची उशी सरळ केली.

मग सर खिडकीकडे बघत म्हणाले, "आबा, उद्यापासून ते चपटं लावाल का?"

"का?" हा शब्द माझ्या जिभेवर आलेला मी गिळला. सरांच्या तोंडून कारण ऐकायची माझ्यात ताकद नव्हती, आणि ते सांगायची त्यांच्यात. मी म्हणालो, "उद्या कशाला? आत्ता लावतो."

जुना डबा उचलला आणि जिन्याखाली ठेवून आलो. एवढा जड तो मला कधीच लागला नव्हता.

माईंना आनंद झाला. "आली एकदाची अक्कल," म्हणाल्या. त्या दिवशी त्यांनी वांग्याचं भरीत केलं, कळण्याची भाकरी केली, मला जेवायला बसवलं. सर खाटेवर टेकलेले, समोर फळीवर चपटा पडदा, बाजूला कूलरचा गार वारा. चेंडू आला. दांडी उडाली. सर म्हणाले, "छे. दिसलाच नाही."

पुन्हा आला. पुन्हा उडाली. "शेपूट येतं हो याला," सर म्हणाले.

माईंचा हात भाकरी थापता थापता थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझा घास तोंडातच राहिला होता. आई शेवटी आई असते, त्यांना कोणी काही सांगावं लागलं नाही. परातीकडे बघून त्या म्हणाल्या, "मेलं अमेरिकेचं. आपल्या उजेडाला नाही चालत ते."

"तेच म्हणतो मी," मी म्हणालो. "काचच कच्ची शे."

तेव्हापासून आमच्या घरात रोज त्या पडद्याला शिव्या बसायच्या. शेजारी आले, त्यांनीही दिल्या. सुधीरचा फोन वर माझ्याकडे यायचा. मी सरांना उचलून जिना चढायचो, दर वेळी ते जरा हलके लागायचे. सुधीर विचारायचा, "दादा, पडदा कसा चाललाय?" सर म्हणायचे, "छान आहे रे. चेंडूला जरा शेपूट येतं, बाकी काही नाही." "माझी चूक" हे शब्द पुन्हा त्यांच्या तोंडून कधी निघाले नाहीत. मला ते ऐकायचं नव्हतं, आणि आता ऐकू येत नव्हतं म्हणून मी ओट्यावर बसू शकत नव्हतो. उठून गल्लीच्या टोकापर्यंत जायचो, परत यायचो.

पुढे बटणावर हातही राहीना. तरी सर खेळ चालू ठेवायला लावायचे. चेंडू येत राहायचे, दांडी उडत राहायची. "बघा, दिसतो का तुम्हाला तरी?" ते विचारायचे. मी म्हणायचो, "कुठे दिसतो?"

थंडी पडली आणि सर गेले. श्वासाचेही स्नायूच असतात, हे आम्हाला डॉक्टरांनी तेव्हा सांगितलं.

सुधीर आला. दहावं-तेरावं झालं. माईंना तो आपल्याबरोबर न्यायचं म्हणत होता, सामानाची बांधाबांध चालली होती. दुपारी त्याने फळीवरचा चपटा पडदा पाहिला आणि कॉम्प्युटर सुरू केला. खाटेच्या कडेला टेकून म्हणाला, "दादा सारखा म्हणायचा चेंडू दिसत नाही म्हणून. बघू तरी काय झालंय याला." मी दारात होतो. माई ट्रंकेत लुगडी ठेवत होत्या. सुधीरला थांब म्हणायला हवं होतं, पण तोवर चेंडू निघाला होता.

त्याने बटण दाबलं. चेंडू सीमेपार गेला. कॉम्प्युटरमधले लोक ओरडले, टाळ्या वाजवल्या. पुढचा चेंडू आला, तोही गेला. सुधीर आमच्याकडे वळून म्हणाला, "थोडं शेपूट येतं, पण चांगला दिसतो की. मग दादाला का..."

माईंनी ट्रंकेचं झाकण लावलं आणि त्या आत निघून गेल्या.

मी पुढे होऊन बटण बंद केलं. पडदा काळा झाला.

"भाऊ, हाई खराब शे," मी म्हणालो. "घेऊन जा."

"पण आबा, आत्ता तर मी तुमच्यासमोर दोन चौकार मारले."

"नाही दिसत त्यात चेंडू."

"अहो, पण..."

"नाही दिसत म्हटलं ना!" माझा आवाज इतका चढला की गल्लीतलं कोणीतरी दाराशी येऊन उभं राहिलं. सुधीरने माझ्याकडे पाहिलं. मग त्या बंद पडद्याकडे आणि मोकळ्या खाटेकडे पाहिलं. शिकलेला पोरगा होता, पण भाऊही होता. तो खाली मान घालून वायर गुंडाळायला लागला आणि म्हणाला, "हो आबा. खराबच आहे हा."