निवेदनात गाळलेली ओळ

गॅस सिलिंडरचा भाव पुन्हा वाढला, तेव्हा रत्नागिरीतल्या महिला मंडळाने मोर्चा काढायचं ठरवलं, आणि मंडळाच्या अध्यक्षबाई बंदरावर माझ्या आईकडे आल्या. आमच्याकडे गॅस नव्हता. आई मासे विकायची आणि चुलीवर रांधायची. पण बाईंना बंदरावरच्या बायकांचे आवाज हवे होते. "मावशी, आमच्या घोषणा फाटकाबाहेरसुद्धा जात नाहीत," त्या हसत म्हणाल्या. हे मात्र खरं होतं.

आई म्हणाली, "येतंव की. पन आमची येक गोष्ट तुमच्या कागदात घाला."

त्या वर्षी पश्चिमेला भर समुद्रात तेल शोधणारी रिग उभी राहिली होती. तिच्या आसपास लाँच फिरकू द्यायचे नाहीत, आणि आमच्या वडिलांची मासळीची जागा नेमकी तीच. मग लांबचा वळसा, जास्तीचं डिझेल, आणि डिझेलही महागलेलं. रिग हलवा, नाहीतर आम्हाला तिथे जाऊ द्या, एवढंच आईचं म्हणणं. बाईंनी मान डोलावली.

निवेदन लिहायला मला बोलावलं. मी नुकतीच मॅट्रिक झाले होते, अक्षर बरं होतं. पक्की प्रत करताना बाई म्हणाल्या, "ती रिगची ओळ नको गं. आपण म्हणतोय देशाचं तेल-वायू वाढवा, गॅस स्वस्त करा. आणि खाली लिहायचं रिग हलवा? तुमचं वेगळं देऊ." मग माझ्या कागदाकडे बघून म्हणाल्या, "तुझं अक्षर बघून कोणी म्हणणार नाही, तू बंदरावरची आहेस." मला फार बरं वाटलं. तेवढ्यासाठी मी ती ओळ गाळली आणि घरी काही बोलले नाही. आज इतक्या वर्षांनीही त्या बरं वाटण्याचा मला राग येतो.

मोर्चा दणक्यात झाला. हातगाडीवर रिकामा सिलिंडर, मागे लाटणी घेतलेल्या बायका, आणि सगळ्यांच्या वर आमच्या बायकांचा आवाज. कलेक्टर कचेरीसमोर बाईंनी निवेदन मोठ्याने वाचलं. आई शेवटपर्यंत ऐकत राहिली.

"आमचं कुटं हाय?"

"मावशी, ते वेगळं देऊ."

आई तिथेच जमिनीवर बसली. तिच्याबरोबर बंदरावरच्या सगळ्या बसल्या. कोणी भांडलं नाही, कोणी तोंडच उघडलं नाही. मागे राहिलेल्या घोषणा इतक्या बारीक होत्या की पायरीवरच्या शिपायाला हसू आवरेना. बाई लालबुंद झाल्या.

तेव्हा कुठे मला लाज वाटली. मी त्यांच्या हातातून कागद घेतला, पेन काढलं आणि सह्यांच्या खाली, होती तेवढ्या जागेत रिगची ओळ लिहिली.

"कागद खराब केलास," बाई म्हणाल्या.

"वरचंही माझंच अक्षर आहे," मी म्हणाले.

आत कलेक्टरसाहेबांनी सगळं वाचलं आणि चष्मा काढला. "एकीकडे तेल काढा म्हणता, एकीकडे रिग हलवा. नक्की काय हवंय?"

आई म्हणाली, "सायेब, यांना गॅस पायजे, तो काढा. आमी नको म्हनत नाय. पन समुद्र म्हंजे कुनाची पडीक जागा नाय. विचारून काढा."

साहेबांनी निवेदन ठेवून घेतलं. रिग हलली नाही, आणि गॅसही स्वस्त झाला नाही.

परत येताना मला वाटलं, आता आई पाठ थोपटेल. तिने विचारलं, "आदी ती ओळ कुनी गाळली?"

"मीच. बाईंनी सांगितलं म्हणून."

"त्या सांगनारच. त्यांना गॅस पायजे. तुला काय पायजे व्हतं?"

"शाबासकी," मी म्हणाले. खोटं बोलायला तोंड उरलं नव्हतं.

"मिळाली?"

"मिळाली."

"मंग झालं तर. आता आमचं लिव."

त्याच आठवड्यात मी फक्त बंदराचं निवेदन लिहिलं. पाच पानं झाली. साहेबांच्या कारकुनाने थोडक्यात लिहून आणायला सांगितलं, तेव्हा मी सात पानं लिहून नेली.