वडिलांच्या नावाला कंस

बांधावरच्या मारामारीत एकाचं डोकं फुटलं. मी सोडवायला गेलो होतो, पण फिर्यादीत माझंच नाव आलं. नव्वदच्या दशकाची अखेर असेल. दोन महिन्यांनी कोर्टाने जामीन मंजूर केला, तेव्हा बराकीत सगळ्यांचा निरोप घेतला, साबणाची उरलेली वडी शेजारच्याला देऊन टाकली आणि तयार होऊन बसलो. बसूनच राहिलो.

जामीनदाराच्या स्वतःच्या नावावर जमीन हवी होती. डिंगोऱ्यात आमची चांगली बागायत, पण सातबारा अजून वडिलांच्या नावावर, आणि वडील जाऊन अकरा वर्षं झालेली. वारसनोंद आम्ही केलीच नव्हती. पावणेरावळ्यांकडे सातबारे होते, पण नेमकी त्या आठवड्यात प्रत्येकाला कामं निघाली.

थोरला भाऊ भेटीला आला. जाळीपलीकडून म्हणाला, "आई नोंदीला तयार न्हाई. म्हणती, त्यांचं नाव हाय तवर तुमी दोघं एक हाय. नाव निघालं की चुली दोन व्हतील."

मला तिचा भयंकर राग आला. पोटचा पोर आत आणि हिला चुलींची पडलीय! शेजारचा रोज माझ्याच साबणाने अंघोळ करायचा. जामीन न मिळालेल्यांना एकमेकांची सोबत असते. मिळूनही आत राहिलेल्याला कुणी आपल्यात धरत नाही. संध्याकाळी सुटणाऱ्यांची नावं पुकारत. माझं नसणार हे ठाऊक असूनही मी शेवटच्या नावापर्यंत ऐकायचो.

शेवटी आईने तलाठ्यापुढे अंगठा दिला. नोंद मंजूर होऊन भाऊ जामीन राहिला, तोवर आणखी दोन महिने गेले होते.

घरी आलो तेव्हा तिने सातबारा पुढे केला. "त्यांचं नाव कुठं हाय, दाव."

सातबाऱ्यावरून कमी केलेलं नाव खोडत नाहीत, कंसात टाकतात. तलाठ्याने वडिलांच्या नावाला कंस करून खाली आम्हा तिघांची नावं लिहिली होती. मी तिचं बोट कंसावर ठेवलं. तिने ते बराच वेळ उचललं नाही.

पुढे मी निर्दोष सुटलो. त्याआधीच, दुसऱ्या दिवाळीनंतर, भावाने वाटणी मागितली. भांडण न होता झालीही. आई ना त्याच्याकडे जेवली, ना माझ्याकडे. पडवीत तिने स्वतःपुरती तिसरी चूल मांडली. मला बोल मात्र कधीच लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं.