काकूंची खुर्ची

दिल्लीत मयूर विहारातल्या आमच्या सोसायटीच्या गणपती विसर्जनाला मी शेजारच्या काकूंसाठी आपणहून खुर्ची मांडली, वर 'ज्येष्ठांसाठी' अशी चिठ्ठीही डकवली. काकूंनी ती वाचली, खुर्चीवर पर्स ठेवली आणि विचारलं, "माझं लेझीम कुठंय?"

मागच्याच आठवड्यात त्यांनी गुडघ्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतलं होतं. मी काळजीने तोंड उघडलं.

सरकारी फाइलींत आयुष्य गेल्यामुळे काकू बोलतातही मुद्देवार. "एक, झीज भरून येत नाही, ठाऊक आहे. दोन, दुखणं थांबतं, तेही काही आठवडेच. तीन, शुगर चढते, रोज तपासतेय. वरचेवर घेतलं तर कूर्चा आणखी झिजते, म्हणून वरचेवर घेणार नाही. बोलो, और कुछ?"

"पण काकू, हे आठवडे तरी आराम..."

"अरे, आराम काय, दुखतानाही करता येतो!"

बैठकीच्या पावलाला त्या फक्त मान झुकवत होत्या; बाकी गेटपर्यंत सगळ्यांत पुढे त्याच. मी दुसऱ्याच फेरीत धापा टाकत परतलो, पर्स मांडीवर घेऊन त्या खुर्चीत बसलो.

शेजारून लेझीम खेळत जाताना बायको म्हणाली, "अहो, पर्स सांभाळा. आणि चिठ्ठी राहू द्या."