दुपारच्या कादंबऱ्या

नवऱ्याला सांगितलं नाही, बहिणीला सांगितलं नाही. एवढंच काय, देवापुढे हात जोडते तेव्हाही हा विषय मी हळूच बाजूला सारते — त्याला सगळं कळतं म्हणतात, मग मी कशाला बोलू? आज तुम्हाला सांगते आहे. धीर आहे तोवर सांगून टाकते.

मुलाच्या मेडिकलच्या क्लाससाठी मी दोन वर्षं नांदेड सोडून लातूरला राहिले. तिथं अशा आया कधी पाहिल्यात का तुम्ही? एका खोलीचा संसार, एक गॅस, एक कुकर. नवरे आपापल्या गावी. पोरगं सकाळी जातं ते चारला उगवतं. डबा झाला, कपडे झाले — पुढे काय? भिंतीकडे बघत बसायचं. आमच्या बिल्डिंगमध्ये अशा आम्ही तिघी होतो. मुरुडच्या मंगलताई, उदगीरच्या सईदा भाभी आणि मी.

कादंबऱ्यांचं खूळ माझं. हे आधीच सांगून ठेवते. वाचनालयात नाव माझं, पुस्तकं निवडणारी मी, आणि 'एकटी काय वाचू, या ना दोघी' म्हणत दार वाजवणारीही मीच. जुन्या, जाडजूड कादंबऱ्या आणायचे — शाळेत असताना ज्यांची नुसती नावं ऐकली होती त्या. पुस्तक एकच, म्हणून एकीनं मोठ्यानं वाचायचं आणि दोघींनी मेथी निवडायची, शेंगा सोलायच्या. सईदा भाभी सगळ्यांत छान वाचायच्या. जुन्या मराठीतला एखादा अवघड शब्द आडवा आला की हसून त्याला वळसा घालायच्या, पण माणसं अशी उभी करायच्या की मंगलताईंच्या हातातली मेथी हातातच राहायची. आणि चिडायच्या किती! एकदा नायिका सगळं मुकाट सोसते म्हणून पुस्तक दाणकन मिटलं. "ही बया बोलत का न्हाई ओ ताई? लई राग यायलाय मला हिचा."

पोरं यायच्या आधी पुस्तक तांदळाच्या डब्यामागे जायचं. कारण पोराला घेऊन लातूरला आलेल्या बाईनं फक्त आई असायचं असतं. तिनं उपास करावेत, मार्कांची काळजी करावी, रात्री पोराला दूध द्यावं. तिला स्वतःची म्हणून काही मजा येते, हे कुणाला कळलं तर? आम्ही चोरी करत नव्हतो — पण लपवत होतो, हे खरं.

दुसऱ्या वर्षी मुलाचे टेस्टमधले मार्क घसरले. रविवारी हे नांदेडहून आले, आणि नेमकं पुस्तक त्यांच्या हाताला लागलं. आवाज चढला नाही त्यांचा. चढला असता तर बरं झालं असतं, मीही चढवला असता. ते एवढंच म्हणाले, "यासाठी ठेवलंय का तुला इथं?"

मला आवडतं म्हणून वाचते. एवढं एक वाक्य पुरे होतं. काय केलं असतं त्यांनी — मारलं असतं? तसा माणूस नाही तो. फार तर चार दिवस अबोला धरला असता. तेवढ्याला मी भ्याले. मी म्हणाले, सईदा भाभींना भारी नाद आहे, दुपारी त्याच येऊन बसतात, शेजार आहे म्हणून नाही म्हणता येत नाही मला.

थांबा, खरं सांगायचं ते अजून राहिलंच.

मंगलताईंचं नाव का नाही घेतलं मी? त्याही रोज यायच्या. जिभेवर आपोआप आलं ते नाव, असं मी स्वतःची समजूत घालत आले. आपोआप काही येत नसतं. मंगलताईंचं नाव घेतलं असतं तर ह्यांनी पुढे चार प्रश्न विचारले असते. सईदा म्हटल्यावर विचारणार नाहीत, हे मला माहीत होतं. नुसतं 'तरीच' म्हणतील — आणि तसंच म्हणाले. दिवाळीचा फराळ आधी भाभींच्या दारात पोचवणारी मी, ईदला शीरखुर्मा मागून दुसऱ्यांदा खाणारी मी. मला ते बरोब्बर माहीत होतं, आणि मी ते वापरलं.

ह्यांनी घरमालकाच्या कानावर घातलं. घरमालकानं उदगीरला फोन केला — तुमच्या मिसेस बाकीच्या बायांना नादी लावतात, इथं लेकरं शिकायला येतात. आठवड्याच्या आत भाभींचे मिस्टर आले, आपल्या आईला मुलीजवळ ठेवलं आणि भाभींना घेऊन गेले. बॅगा ऑटोत ठेवायला मीच मदत केली. परीक्षेच्या तोंडावर पोरीला सोडून जावं लागतंय म्हणून भाभी रडत होत्या, आणि मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होते. कसा फिरवला असेल मी तो हात?

आमचं वाचन तिथंच बंद पडलं. म्हणजे त्या दोघींचं. अर्धी राहिलेली कादंबरी मी नंतर एकटीनं संपवली — आणि सांगायला लाज वाटते, मला ती आवडलीसुद्धा.

याला आता काही वर्षं झाली. परवा कामानिमित्त लातूरला गेले होते, तर बसस्टँडवर भाभी दिसल्या. गळ्यातच पडल्या. केस पिकलेत, आवाज तोच. डॉक्टरकी हुकली, पण मुलगी फार्मसी करते म्हणाल्या. त्यांची गाडी लागेपर्यंत आम्ही बाकावर बसलो. असं कुणी परत भेटलं नाही ओ ताई, वाचून दाखवावं असं, म्हणाल्या. मग इकडेतिकडे बघून त्यांनी आवाज खाली आणला.

"ती चुगली मंगलताईचीच ना? मी तर तवापासून तिचा फोनच उचलत न्हाई."

मंगलताईंनी मला दोन-तीनदा विचारलं होतं, 'भाभी माझ्यावर रागावल्यात का' म्हणून. मी म्हटलं होतं, मला काय माहीत.

या वेळी नवरा समोर नव्हता, घरमालक नव्हता, अबोल्याचं भय नव्हतं. भाभी माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

"असंल," मी म्हणाले.