पंतप्रधानबाईंच्या सहीची बाटली

डेस्मंड पिंचबेकने आयुष्यभर बूट विकले आणि आयुष्यभर गिऱ्हाइकांना एकच थाप मारली, "दोन दिवस घाला, सैल होईल." बूट कधीच सैल होत नसे. पण गिऱ्हाईक खुशीत बाहेर पडे, आणि भांडायला परत येईपर्यंत डेस्मंड जेवायला गेलेला असे. दुकान विकल्यावर त्याला सत्ताधारी पक्षाच्या गावशाखेचा अध्यक्ष केलं, तेव्हा तो बायकोला म्हणाला, "ऑड्री, धंदा तोच आहे गं. फक्त आता बूट नाहीत."

इंग्लंडातल्या लिंकनशरमधल्या त्या गावाने सार्वमतात युरोपातून बाहेर पडण्यासाठी भरभरून मतं दिली होती. डेस्मंडने मात्र आडोशाला उभं राहून 'राहायचं' या चौकोनात फुली मारली. बाहेर आला तर दाराशी छातीवर 'बाहेर पडा'चा बिल्ला लावून रोलंड मॉल्टबी उभा. रोलंड म्हणजे शाखेचा खजिनदार, फ्लॉवरची शेती करणारा, आणि डेस्मंडचा चाळीस वर्षांचा दोस्त.

"मारलीस ना फुली?" रोलंडने पाठीवर थाप मारत विचारलं.

"मारली की!" डेस्मंड म्हणाला. उत्तर शंभर टक्के खरं होतं, आणि आपल्या हुशारीवर तो आठवडाभर खूश होता. मग हळूहळू त्याला त्या हुशारीची शिसारी यायला लागली.

कारण रोलंड दर रविवारी दुपारी त्यांच्याकडे जेवायला यायचा. त्याची बायको डोरीन वारल्यापासून त्याचा तो नेम होता. मांसाचा पहिला तुकडा तोंडात गेला की तो युरोपवाल्यांना झोडपायला सुरुवात करी, आणि डेस्मंड "हं, हं" करत रस्स्याचं भांडं पुढे सरकवी. आपण खरं बोललो तर समोरची खुर्ची कायमची रिकामी होईल, ही भीती त्याला मनापासून वाटे. शाखेतल्या दुसऱ्या गटाशीही त्याचं हेच चाले. तिथेही तो "हं, हं" करी. दोन्ही गटांना तो आपलाच माणूस वाटे, म्हणून तर दरवर्षी बिनविरोध निवडून येई. आपल्या लोकप्रियतेचं हे एवढंच रहस्य आहे हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

अशी अडीच वर्षं गेली, आणि शाखेचं नाताळचं जेवण आलं ते नेमकं त्या बुधवारी. पंतप्रधानबाईंनी युरोपशी केलेला करार कुणालाच धड पटला नव्हता, आणि त्यांच्याच पक्षाच्या खासदारांनी त्यांच्यावर अविश्वासाचा ठराव आणला होता. बाईंना पुढारी ठेवायचं की घालवायचं, याचं गुप्त मतदान त्याच संध्याकाळी लंडनमध्ये होतं. दुपारी खासदारसाहेबांचा फोन आला.

"पिंचबेक, आपल्या लोकांचं म्हणणं काय आहे?"

"साहेब, तुमचं मन सांगेल तसं करा," डेस्मंड म्हणाला.

"तुम्हीच एक मला समजून घेता," साहेब गहिवरून म्हणाले. फोन ठेवल्यावर डेस्मंडला वाटलं, हे वाक्य साहेबांनी सकाळपासून सगळ्यांनाच ऐकवलं असणार. बूटविक्याला बूटविक्या लगेच ओळखू येतो.

हॉलमध्ये भाजलेली टर्की नेहमीसारखीच कोरडी होती. युरोपातून बाहेर पडा म्हणणारे खिडकीकडे बसले होते, बाईंचे पाठीराखे चहाच्या किटलीकडे, आणि डेस्मंडने आपली खुर्ची बरोब्बर मधल्या वाटेत टाकली होती. वाढपी बायका दर वेळी तिला अडखळत होत्या. मग सोडत सुरू झाली. गेल्या वर्षीसारखंच, बादलीतून ऑड्री चिठ्ठी काढणार, ज्याचा नंबर येईल त्याने टेबलाशी जाऊन हवं ते बक्षीस उचलायचं. टेबलाच्या मधोमध उंची व्हिस्कीची बाटली होती, आणि तिच्यावर पंतप्रधानबाईंची ठसठशीत सही. खासदारसाहेबांनी ती कधीच आणून दिली होती. तेव्हा सगळे तिच्यावर डोळा ठेवून होते.

आज तिला कुणी हात लावेना. पहिला नंबर लागलेल्याने बिस्किटांचा डबा घेतला. दुसऱ्याने मुरंब्याची बरणी. बाटली उचलावी तर आपण बाईंचे ठरणार, आणि बाई अजून तासाभराने तरी राहतील की नाही कुणाला ठाऊक! मग रोलंडचा नंबर लागला. व्हिस्की म्हणजे त्याचा जीव. तो टेबलाशी गेला, त्याचा हात बाटलीकडे वळला, थबकला, आणि त्याने अंघोळीच्या पाण्यात टाकायच्या सुगंधी मिठाचं पाकीट उचललं. त्याच्या घरात टब नव्हता. खिडकीकडल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या.

शेवटी टेबलावर दोनच वस्तू उरल्या. ती बाटली, आणि रोलंडने स्वतः दिलेली फ्लॉवरची पेटी. रोलंड वर्षभर गावाला फ्लॉवर फुकट वाटत असल्यामुळे तिला गिऱ्हाईक नव्हतं. ऑड्रीने चिठ्ठी काढली आणि चष्म्यावरून नवऱ्याकडे पाहिलं.

"डेस्मंड, ह्या चिठ्ठीवर तुझाच नंबर आहे."

डेस्मंड उठला. अध्यक्षाचा नंबर लागला की त्याने हसत "परत टाका, दुसरी काढा" म्हणायचं, ही जुनी रीत. वाक्य जिभेवर आलंही होतं. तेवढ्यात त्याला आपलंच हसू ऐकू आलं, तेच ते दुकानातलं, दोन दिवसांत सैल होईल म्हणणारं. स्वतःचा इतका कंटाळा त्याला आजवर कधी आला नव्हता.

तो टेबलाशी गेला. फ्लॉवर घेतला तर रविवार वाचत होता. त्याने बाटली उचलली. रोलंड मिठाचं पाकीट घेऊन उठला आणि स्वयंपाकघरात निघून गेला.

थोड्या वेळाने कुणाच्या तरी फोनवर निकाल आला. बाई तरल्या होत्या, पण त्यांच्याच माणसांनी विरोधात मतंही भरपूर टाकली होती. दोन्ही बाजूंनी आपणच जिंकलो असं जाहीर केलं आणि लोक कोट शोधायला लागले.

डेस्मंड स्वयंपाकघरात गेला, तर रोलंड पाठमोरा उभा राहून बशा पुसत होता.

"रोलंड, त्या फुलीचं मी तुला सांगणारच होतो..."

"गप रे. मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे."

"काय? कसं?"

"चाळीस वर्षं तू माझ्याशी भांडतोयस. क्रिकेटवरून, कुंपणावरून, अरे, डोरीनच्या थडग्याला दगड कुठला घ्यायचा त्यावरूनसुद्धा भांडलास! आणि या एकाच विषयावर नुसतं 'हं, हं'? मी काय बैल आहे?"

"मग बोलला का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून!" रोलंडने बशी आपटली. "डोरीन गेल्यापासून घरी भिंतीशी बोलतो. रविवारी तुझ्याकडे यायचो ते कुणीतरी उलटून बोलेल म्हणून. तिथेही भिंतच. वर रस्सा वाढणारी!"

मैत्री टिकावी म्हणून आपण जे जपलं, त्यानेच ह्या माणसाला अडीच वर्षं एकटं पाडलं, हे डेस्मंडच्या आत्ता ध्यानात येत होतं, आणि फार वाईट वाटत होतं.

"या रविवारी येशील ना?" त्याने कसंबसं विचारलं.

"भांडणार असशील तर येतो. पण रविवारची वाट कशाला? फोड ती."

"सहीची आहे, अरे."

"मग सही सोड, दारू ओत."

चहाचे दोन कप व्हिस्कीने भरले. डेस्मंड घसा खाकरून म्हणाला, "तू साफ चुकतोयस, रोलंड." मग त्याने अडीच वर्षं मनात घोळवलेले मुद्दे मांडायला घेतले. पहिला रोलंडने दोन वाक्यांत उडवला. दुसरा सांगता सांगता डेस्मंडच विसरला. तिसऱ्यावर रोलंड टेबलावर मूठ आपटून इतका मोठ्याने ओरडला की ऑड्री हॉलचे दिवे मालवायचे सोडून दारात आली.

"काय चाललंय? कोण जिंकतंय?"

"मी हरतोय," डेस्मंड म्हणाला आणि रोलंडचा कप पुन्हा भरला.